सुवाह्य ध्वनिपेटीची पारख

पूर्वी तंबोरा विकत घ्यावयाचा झाला म्हणजे जाणता मनुष्य दुकानात स्वस्थ बसून तो जुळवून घेई, चारही तारा छेडी, जवारी बोलते की नाही हे कान देऊन ऐके आणि मगच पैसे मोजी. भोपळ्यावरील नक्षी तो सर्वांत शेवटी पाही. आज गाणे ऐकण्याचे यंत्र घेणाऱ्यांचा क्रम नेमका उलटा झाला आहे. नक्षी प्रथम, खोक्यावरील आकडे त्यानंतर, आणि आवाज घरी आल्यावर! तो पसंत पडला नाही तर यंत्र कपाटावर जाऊन बसते आणि पुढल्या दिवाळीस दुसरे येते. हातातून नेण्याजोग्या ध्वनिपेट्यांविषयी, म्हणजे बाजारात ज्यांना 'पोर्टेबल स्पीकर' म्हणतात त्यांविषयी, चार शब्द लिहावेत असे आम्हांला वाटले ते यामुळेच.

ही पेटी गिऱ्हाइकास दोन वचने देते. पहिले, माझा आवाज चांगला आहे. दुसरे, मला कोठेही नेता येते. आमचे म्हणणे असे की, ही दोन वचने स्वभावतःच एकमेकांच्या आड येतात. ती किती जुळवून आणली आहेत हे पाहणे, हीच त्या पेटीची खरी परीक्षा होय.

ती आड का येतात हे समजण्यास थोडे पदार्थविज्ञान पुरेसे आहे. स्वर जितका खालचा, तितकी अधिक हवा हलवावी लागते. एखाद्या गवयाने काळी एकमध्ये षड्ज लावला, तर तो सेकंदास सुमारे १३८ कंपनांचा असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ६९ कंपनांनी बोलते. मुठीएवढ्या पेटीतील इवल्याशा पडद्याला या स्वरासाठी पुरेशी हवा ढकलता येत नाही. तरीही तंबोरा ऐकू येतोच, याचे कारण मोठे मौजेचे आहे. मूळ स्वर नसला, तरी त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर कानी पडले की आपला मेंदू नसलेला मूळ स्वर आपल्या पदरचा घालून पुरा करतो. जवारीमुळे असे वरचे स्वर तंबोऱ्यात विपुल असतात, म्हणून तो निभावून जातो. तबल्याच्या डग्ग्याची घुमार मात्र लहान पेटीत हरवते आणि उरतो तो नुसता ठोका. आवाज सुधारावयाचा तर पेटी मोठी हवी, आणि पेटी मोठी झाली की ती उचलणाऱ्याचा खांदा तक्रार करू लागतो.

हा तंटा आजचा नाही. १९१४ साली इंग्लंडमध्ये 'डेक्का' नावाचा, बंद केल्यावर पेटीसारखा हातात धरून नेता येणारा ग्रामोफोन निघाला आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांनी तो खंदकांपर्यंत नेला. १९५७ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने 'खिशात मावणारा' ट्रान्झिस्टर रेडिओ काढला. परंतु तो सदऱ्याच्या नेहमीच्या खिशापेक्षा किंचित मोठाच होता. तेव्हा कंपनीने आपल्या विक्रेत्यांसाठी मोठ्या खिशांचे सदरे शिवून घेतले, असे तिचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांनीच लिहून ठेवले आहे! यंत्र लहान होईना, म्हणून खिसा मोठा केला. 'सुवाह्य' हा शब्द जाहिरातीत वाचताना आमच्या विद्यार्थिमित्रांनी हा खिसा सदैव आठवावा.

याच प्रकारातील एक शिकण्याजोगे उदाहरण अमेरिकेतील ॲपल कंपनीचे आहे. २००१ साली तिने आयपॉड हे खिशातील संगीतयंत्र काढले. पुढे ते वर खोचून ऐकता यावे अशा बैठकीच्या ध्वनिपेट्यांचा, म्हणजे 'डॉक'चा, बाजारात सुळसुळाट झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये ॲपलने स्वतःचीच तशी पेटी आणली. तिचे नाव 'आयपॉड हाय-फाय' आणि किंमत ३४९ डॉलर. तिच्यात ८० मिलिमीटरचे दोन व १३० मिलिमीटरचा एक, असे तीन ध्वनिक्षेपक होते. घरच्या विजेवर ती चाले, तशीच सहा मोठ्या सेलांवरही चाले, आणि उचलण्यासाठी दोन्ही बाजूंस धरावयास खोबणी होत्या. परंतु वजन? सुमारे ६.६ किलो, आणि सेल घातल्यावर साडेसात किलोंच्याही वर! सेल व खोबणी असली म्हणजे वस्तू सुवाह्य झाली, असे म्हणावयाचे तर दळणाचा डबाही सुवाह्यच म्हणावा लागेल. सप्टेंबर २००७ मध्ये, म्हणजे दीड वर्षांतच, कंपनीने ती विकणे बंद केले.

या उदाहरणातील आणखी एक धडा आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. आयपॉड ज्या तीस टोकांच्या जोडणीवर बसे, ती जोडणी २०१२ साली ॲपलने आपल्या नव्या यंत्रांसाठी बदलली. लोकांच्या घरोघरच्या बैठका एका दिवसात जुन्या ठरल्या. त्यांचा आवाज बिघडला नव्हता, वजन वाढले नव्हते. केवळ वर बसणारा पाहुणा बदलला होता. आयपॉडही २०२२ मध्ये बंद झाला. परंतु त्या 'हाय-फाय'च्या मागील बाजूस साध्या तारेसाठी एक छिद्र ठेवलेले होते. म्हणून जी पेटी धड राहिली असेल, तिच्यातून आजही तार जोडून गाणे ऐकता येते. दिमाखाची बैठक निरुपयोगी झाली आणि मागचे साधे छिद्र उपयोगी पडले! युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल फोनांस व सुवाह्य ध्वनिपेट्यांस विद्युत्भारणासाठी यूएसबी-सी ही एकच जोडणी बंधनकारक केली, यामागेही हेच शहाणपण आहे. एखादी वस्तू एका गावाहून दुसऱ्या गावी जाते, एवढ्यावर तिला सुवाह्य म्हणू नये. ती एका वर्षातून दुसऱ्या वर्षातही गेली पाहिजे.

आता परीक्षा कशी घ्यावी? प्रथम आपल्या परिचयाचा मानवी आवाज ऐकावा, कारण वाद्याची नक्कल कानाला फसवील, ओळखीच्या माणसाची सहसा फसवीत नाही. शब्दातील 'स' आणि 'श' शिट्टीसारखे टोचतात की काय, ते पाहावे. दोन पेट्यांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारख्याच पातळीवर आणावा. अधिक मोठा आवाज कानाला अधिक चांगला भासतो, हे दुकानदारास ठाऊक असते. पेटी भिंतीच्या कोपऱ्यात ठेवली असेल तर ती मध्ये ओढावयास सांगावी, कारण कोपरा खालच्या स्वरांना उसना जोर देतो. वॉटच्या आकड्यांनी दिपून जाऊ नये. शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. तो कानाला दुप्पट वाटण्यास सुमारे दसपट शक्ती लागते. उलट, मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. दिवाणखान्यात भरगच्च वाटणारी पेटी सहलीच्या ठिकाणी केविलवाणी होते ती यामुळेच.

सुवाह्यतेची परीक्षा त्याहून सोपी आहे. पेटी तिच्या चार्जरसह व तारांसह हातात घ्यावी आणि दुकानात पाच मिनिटे फिरावे. बॅटरी अमुक तास चालते असे लिहिले असेल, तर ते तास किती आवाजावर मोजले हे विचारावे. बॅटरी थकल्यावर ती बदलून मिळते का, हेही विचारावे. न मिळाल्यास त्या पेटीचे आयुष्य बॅटरीएवढेच समजावे.

कोणी म्हणेल की, कानात बोंडे घालून ऐकण्याची सोय असता एवढा खटाटोप कशाला? खरे आहे, एकट्याच्या श्रवणास ती सोय उत्तम. परंतु महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत गाणे हे केवळ करमणुकीचे साधन नाही. रस्त्यावर, बाजारात, कचेरीत दुसरी भाषा. अशा वेळी आजीच्या आवडीचे नाट्यगीत किंवा अभंग स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंत ऐकू गेला, तरच त्यातील शब्द नातवाच्या कानावर पडतात आणि 'आजी, याचा अर्थ काय?' असा प्रश्न निघतो. बोंडांतून हा प्रश्न कधी निघावयाचा नाही. ज्या पेटीतून शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत, ती कितीही धडधडो, आमच्या घरांच्या उपयोगाची नव्हे.

मात्र आपल्या घरचे गाणे शेजाऱ्याच्या घरी बळेच नेणे, ही सुवाह्यता आम्हांस मान्य नाही. भारतात २००० सालापासून लागू असलेल्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. परंतु परीक्षेच्या दिवसांत शेजारचा मुलगा अभ्यास करीत असेल, तर नियम पाहण्याचीही आवश्यकता नसावी.

सारांश, पेटी घ्यावयाची ती हळू आवाजातही स्पष्ट बोलणारी, घरातील लहानानेही उचलावी इतकी हलकी, आणि साध्या सर्वमान्य जोडणीची असावी. एवढे पाहून घेतले, म्हणजे नक्षीकडे खुशाल पाहावे. विद्यार्थिमित्रांनो, येत्या दिवाळीत वडीलमंडळी दुकानाकडे निघतील तेव्हा त्यांच्यासोबत जा, आणि खोक्यावरील आकडे वाचण्यापूर्वी त्यांना विनंती करा : आधी ऐकून पाहू.