रिकामी टाकी कोणाची?

२०२३ साली आई सहा महिने माझ्याकडे हार्टफर्डला आली होती. इथल्या मराठी आयटीवाल्याचं जे रुटीन असतं तेच माझंही, म्हणजे सोमवार ते शुक्रवार इन्शुरन्स कंपनीचा कोड आणि लाँग वीकेंडला कॅम्पिंग. एका वीकेंडला आईलाही हॅमोनासेटच्या समुद्रकिनारी तंबूत नेलं. कॅम्पिंगच्या स्टोव्हवर तिने मस्त कांदेपोहे केले, चहा तर चार वेळा झाला. निघताना बघतो तर बाईसाहेब स्टोव्हच्या तीन रिकाम्या हिरव्या टाक्या पिशवीत भरतायत.

"अगं, त्या कशाला घेतेस?"

"अरे, रिकाम्या दिल्याशिवाय भरलेल्या कशा मिळतील?"

मी हसलो. पुढचे तीन आठवडे त्या टाक्या माझ्या डिकीत खडखडत होत्या आणि हसू हळूहळू मावळत गेलं. विकणारा दुकानदार परत घेईना. रिसायकलिंगच्या डब्यात टाकायच्या नाहीत, साध्या कचऱ्यात तर नाहीच नाही. टाउनच्या कचरा केंद्रावर विचारलं तर म्हणे घातक कचरा घ्यायच्या दिवशी या. पाच-सहा डॉलरच्या टाकीसाठी मी कॅलेंडरवर रिमाइंडर लावला!

आता जरा ती टाकी बघा. आत साधारण ४६५ ग्रॅम प्रोपेन. बाहेर जाड पोलाद, आणि त्यावर छापलेली धमकी: ही पुन्हा भरू नका. भरलेली घेऊन प्रवास कराल तर पाच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत तुरुंग. धमकी योग्यच आहे, कारण ती पुन्हा भरण्यासाठी बनवलेलीच नाही. पण ती 'एकदा वापरा आणि फेका' अशी बनवायची हे कोणी ठरवलं? मी नाही. टाउनने नाही. कचऱ्याची गाडी चालवणाऱ्याने तर नाहीच. ठरवलं कंपनीने. पण 'रिकामी झाली की आम्हाला परत द्या' ही ओळ मात्र त्या टाकीवर कुठेच नाही.

रिकामी म्हणजे पूर्ण रिकामी असेलच असंही नाही. थोडा गॅस उरलेली टाकी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली किंवा श्रेडरमध्ये सापडली की स्फोट होऊ शकतो. म्हणजे नफा कंपनीचा, खर्च टाउनचा आणि जीव कचरा कामगाराचा. आमच्या भाषेत सांगायचं तर डेव्हलपरने वाट्टेल तसा कोड लिहून रिलीज करायचा आणि रात्री तीनला फोन सपोर्टवाल्याला. ज्याचा फोन वाजतो तोच नीट टेस्टिंग करतो, हे आपल्याला नोकरीच्या पहिल्या वर्षात कळतं. कंपन्यांनाही तेच लागू करा की!

आणि हे काही स्वप्नरंजन नाही. कनेक्टिकटनेच २०२२ साली गॅस सिलिंडरसाठी असा कायदा केला. असं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं राज्य. उत्पादकांनी योजना आखायची आणि गोळा करण्यापासून रिसायकलिंगपर्यंतचा खर्च उचलायचा. रंगांसाठी २०११ मध्ये आणि गाद्यांसाठी २०१३ मध्ये इथे असेच कायदे झाले होते. लोक अजून घरं रंगवतात आणि गाद्यांवर झोपतात :-)

यावर ठरलेला आक्षेप म्हणजे किंमत वाढेल. वाढू दे. आज तो खर्च होत नाही असं थोडंच आहे? तो टाउनच्या टॅक्समधून जातो, म्हणजे आयुष्यात कधी तंबूत न झोपलेल्या आजोबांच्या खिशातूनही. माझ्या पोह्यांचा खर्च माझ्या टाकीच्या किमतीत दिसू दे. दुसरा आक्षेप, लोकांनीच जबाबदारीने वागावं. मी तीन आठवडे जबाबदारीनेच वागत होतो हो! घेणाराच नसेल तर देणाऱ्याने काय करायचं?

माझं तर म्हणणं आहे की नुसतं गोळा करणंही पुरेसं नाही. टाकी पुन्हा भरता येईल अशीच बनवा. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून एकदाच वापरायच्या या टाक्यांची विक्री २०२८ पासून बंद करायचं ठरवलंय.

यात आपल्याला नवीन काय आहे? आपल्या घरातला १४.२ किलोचा लाल सिलिंडर कधी उकिरड्यावर पडलेला पाहिलाय? नाही ना. कारण तो आपला नसतोच, कंपनीचा असतो. आपण डिपॉझिट भरतो आणि रिकामा देऊन भरलेला घेतो. हँडलच्या पट्टीवर 'ए-२७' असं लिहिलं असेल तर जानेवारी ते मार्च २०२७ पर्यंत त्याची चाचणी व्हायला हवी. ती जबाबदारीही कंपनीचीच. आई बरोबर होती आणि मी उगाच हसलो होतो.

पण फार कॉलर ताठ करू नका. ट्रेकला जाताना आपण जे ब्यूटेनचे कॅन नेतो, ते याच हिरव्या टाकीचे भाऊबंद. प्लास्टिक, ई-कचरा, बॅटऱ्या, टायर यांची जबाबदारी भारतात उत्पादकांवर टाकणारे नियम आलेत. त्याच यादीत हे कॅनही घाला, आणि ढीग व्हायच्या आत घाला. पुण्यात घरोघरचा कचरा 'स्वच्छ'च्या बायका हाताने निवडतात. अर्धवट भरलेला कॅन तिथे कोणाच्या हातात येईल याचा विचार करा.

असो. तुमच्या डिकीत किती आहेत?