तीनचाकीवर उगाच ठपका

पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायच्या रिकंबंट सायकलींवर १९३४ मध्ये आलेली शर्यतबंदी हा त्या असुरक्षित असल्याचा पुरावा म्हणून गेल्या अंकातील रिकंबंट तीनचाकीवरील लेखात मांडला आहे. १९३३ मध्ये पॅरिस येथे फ्रान्सिस फोर याने शार्ल मोशे यांनी घडवलेल्या अशा सायकलीवर तासाभरात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापून ऑस्कर एगचा १९१४ चा विक्रम मोडला, तेव्हा आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी आखली की रिकंबंट बाद व्हावी, म्हणजे बंदीचे कारण असुरक्षितता नव्हते; शिवाय फोरची ती सायकल दोनचाकी असल्याने तीनचाकीविरुद्ध तिची साक्ष काढणे गैरलागू आहे.

चढावर तीनचाकी मागे पडते हे खरे, कारण तिचे वजन जास्त असते आणि पेडलवर उभे राहता येत नाही; परंतु तोल सांभाळायचा नसल्याने ती पायी चालण्याच्या गतीनेही चढते, मध्येच थांबते, पुन्हा निघते, आणि हौशी स्वाराला (शर्यत लेखकाच्याच डोक्यात आहे) तेवढे पुरते.

रहदारीत तीनचाकी नजरेस न पडण्याइतक्या बुटकेपणाला उंच झेंडा हा उपाय आहे. खरा धोका लेखात आलाच नाही: पेडलवरून निसटलेला पाय रस्त्याला टेकला की धावत्या तीनचाकीखाली मागे ओढला जातो, म्हणून बूट पेडलला अडकवणारी क्लीट किंवा निदान टाचेचा पट्टा अत्यावश्यक ठरतो. खड्डे चुकवताना चाकांच्या तीन रेषा सांभाळाव्या लागतात, हा आक्षेप मात्र मान्य.

एक वाचक, पुणे