बरणीतलं फुलपाखरू ही जीवदया नव्हे



पावसाळा लागला की आपल्या ठाणे-डोंबिवलीच्या बाल्कन्यांत कढीपत्त्यावर अळ्या दिसतात. एक आई फवारणीची बाटली शोधते. दुसरी बरणी शोधते, "मुलाला फुलपाखरू होताना दाखवू, चांगले संस्कार होतील" म्हणते. पहिलीला आपण सगळ्याच नावं ठेवतो. माझं भांडण आज दुसरीशी आहे.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत पाठ केलेत ना? बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. पहिलाच बंध आहे. जीवाला हवं तिथे जाऊ न देणं म्हणजे बंध. बरणी म्हणजे दुसरं काय? शनिवार-रविवार गावी गेलो आणि आतला पाला सुकला, की अन्नपाननिरोधही घडला. मनात प्रेम असेल, पण प्रमाद तो प्रमादच. रेशमासाठी कोष उकळतात म्हणून आपल्यातल्या कित्येक जणी रेशीम नेसत नाहीत. मग घरातल्या कोषाबद्दल एवढी बेफिकिरी का?

यावर ठरलेलं उत्तर येतं, "बाहेर पक्षी खातात, आम्ही तर वाचवतो." खरंच वाचवतो? कोंदट बरणीत विष्ठा साचते, बुरशी येते, अळ्या आजारी पडतात. कोषातून निघालेल्या फुलपाखराचे पंख ओले, चुरगळलेले असतात. ते उलटं लटकून पंख पसरतं आणि वाळवतं. धरायला आधार नसेल, जागा अपुरी असेल, तर पंख तसेच वाकडे वाळतात आणि ते कधीच उडत नाही. बोट लावल्यावर अळी डोक्यामागून लालसर शिंगं काढते, त्यावर मुलं टाळ्या पिटतात. ती तिची भीती असते, खेळ नव्हे.

मादी पायांनी पानाची चव घेते आणि मगच अंडं घालते. म्हणजे बाळासाठी जागा तिने आधीच निवडलेली असते. ती बदलणाऱ्या आपण कोण?

"मग मुलाला दिसणार कसं?" कुंडीवरच दिसेल. एक कढीपत्ता फोडणीला ठेवा, दुसरा त्यांना सोडा. औषध मारू नका. पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी हिरवी कधी होते, ते मुलाला रोज पाहू द्या. कोष करायला ती भिंतीवर, ग्रिलवर कुठेही जाईल. झाडताना, कपडे वाळत घालताना आधी बघा. हाच यत्नाचार, आणि तो मूल तुमच्याकडे बघूनच शिकतं. एखादी अळी नाहीशी झाली आणि मूल रडलं, तर जवळ घेऊन खरं सांगा. त्याच्या हातात नवीन अळी ठेवून समजूत काढू नका.

जास्त फुलपाखरं बघायची असतील तर घोडबंदर रोडला ओवळे गावात ओवळेकर वाडी आहे. राजेंद्र ओवळेकरांनी स्वतःच्या शेतजमिनीवर फुलपाखरांना लागणारी झाडं लावली आणि ती आपणहून आली. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंतही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतं, आणि आपला कढीपत्ता त्याच कुळातला.

फुलपाखरू चतुरिंद्रिय जीव आहे, शाळेचा प्रोजेक्ट नाही. आवडलेली गोष्ट पकडून ठेवायची, हे मुलाला शिकवावं लागत नाही. आवडूनही मोकळी सोडायची, हे मात्र शिकवावं लागतं. परिग्रह कमी करण्याचा पहिला धडा याहून सोपा कुठे मिळेल?

या चातुर्मासात बरण्या डाळींसाठीच राहू द्या.