मनगटावरचा मास्तर

पहिला डाइव्ह कॉम्प्युटर कुठला घ्यावा, हे मी चारचौघांत विचारलं, ही माझी पहिली चूक. आपल्याकडे मुलीला स्थळ आणि गुडघ्याला तेल सुचवायला अनुभव लागत नाही. बादलीपेक्षा खोल पाणी न पाहिलेल्यांनीही मला मॉडेलं सुचवली. भाचा तर म्हणाला, "मामा, रंगीत पडद्याचाच घ्या. होकायंत्र हवं, सिलिंडरमधली हवा दाखवणारा ट्रान्समीटर हवा, चार-चार गॅसेसची सोय हवी!"

चार? या वयात मला एकच गॅस पुरून उरतो.

अहो, हे यंत्र करतं काय? पाण्याखाली दाबामुळे हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. सावकाश वर आलात तर मुकाट्यानं निघून जातो. घाई केलीत तर सोड्याची बाटली फोडल्यासारखे बुडबुडे सुटतात, आणि मग सांधे धरतात, कधी पाय लुळे पडतात. हाल्डेन नावाच्या साहेबानं बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली याचे तक्ते छापले. तोच हिशेब आता मनगटावर, दर काही सेकंदांनी खोली मोजून, चालू असतो. खोली किती, वेळ किती झाला, अजून किती मिनिटं थांबता येईल आणि "बाबा रे, हळू वर ये" एवढं सांगितलं की त्याचं काम संपलं. बाकी सगळी रोषणाई.

"मग भाड्यानं घ्या की!" असंही एक शहाणं मत पडलं. घ्या. पण सकाळच्या बुडीचा नायट्रोजन तुमच्या अंगात आणि त्याचा हिशेब सकाळच्या यंत्रात. दुपारी ते यंत्र दुसऱ्याच्या हातावर गेलं, की तुमच्या मनगटावरचा नवा मास्तर तुम्हाला कोरी पाटी समजतो.

आम्ही तर याहून मोठा पराक्रम केला. अंदमानात, हॅवलॉकला (२०१८ पासून स्वराज द्वीप), नवराबायकोंत मिळून एकच कॉम्प्युटर भाड्यानं घेतला. संसार एकच, मग यंत्रं दोन कशाला? मी भिऊन १२ मीटरवर तरंगत होतो आणि ही एका कासवामागं पाच-सहा मीटर खाली. माझं यंत्र सांगत होतं, सगळं झकास. माझं झकास होतंच! हिचं काय चाललंय, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. वर आल्यावर शिकवणारा पोरगा असा कडाडला, की शाळेतले गुरुजी आठवले. "काका, काकूंना ताप आला तर थर्मामीटर तुम्ही तोंडात धरता का?"

काही झालं नाही, हे नशीब. पण ती रात्रभर हाताची बोटं हलवून बघत होती आणि मी झोपल्याचं सोंग करून तिच्याकडे.

म्हणून सांगतो, एका रंगीत यंत्राच्या पैशांत साधी दोन येतात, ती घ्या. बॅटरी घरी बदलता येईल अशी. आकडे ठसठशीत. पाण्यात वस्तू मोठ्या दिसतात म्हणे, पण माझ्या चाळिशीला तेवढी सवलत पुरत नाही. आणि पन्नाशी उलटली असेल तर हिशेब जरा कडक लावता येतो, तो लावा. "अमक्याचा पाच मिनिटं जास्त देतो" असं सांगणाऱ्याकडून तर छत्रीसुद्धा घेऊ नका.

आमची दोन यंत्रं आली. भाच्यानं उलटीपालटी करून तोंड वाकडं केलं, "मामा, यात ब्लूटूथसुद्धा नाही?"

"नसू दे," ही म्हणाली, "शिट्टी वाजते ना?"