जुन्या कॉम्प्युटरची डिस्क बदला, आणि ती चालू आहे तोवरच बदला



दर वर्षी दिवाळीच्या सफाईत आपल्या बडोद्यात कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावरून एक जुना कॉम्प्युटर खाली येतो. मग घरात दोन तट पडतात. मुलं म्हणतात, पस्तीवाल्याला देऊन टाका. वडीलधारे म्हणतात, असू दे, हात लावू नका. मला दोन्ही मतं चुकीची वाटतात. यातलं दुसरं मत पाच वर्षं माझंच होतं, आणि त्याची किंमत मी मोजली आहे. म्हणून हे लिहितो आहे.

मी बँकेतला माणूस. बी.कॉम. होऊन १९७३ साली कारकून म्हणून लागलो, अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आमच्या शाखेत खतावण्या जाऊन लेजर पोस्टिंग मशीन आली, तेव्हा मी तिथेच होतो. रोज संध्याकाळी काम संपलं की बॅकअप घ्यायचा, रजिस्टरमध्ये सही करायची आणि एक प्रत दुसऱ्या शाखेत ठेवायला पाठवायची. ती सही कित्येक वर्षं माझी होती. घरी मात्र दिव्याखाली अंधार.

१९९५ साली आम्ही घरी ४८६ घेतला. आठ मेगाबाइट मेमरी, ४२० मेगाबाइटची हार्डडिस्क, विंडोज ३.१, पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं एक पॅकेज. त्या पॅकेजचं छोटं लॉक प्रिंटरच्या पोर्टला लावल्याशिवाय ते चालायचं नाही. आमच्या मंडळाची स्मरणिका माझी पत्नी त्यावर जुळवायची. त्या कामातूनच तिला एक नाद लागला. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन बसायचं, त्या लग्न होऊन बडोद्याला कशा आल्या ते ऐकायचं आणि घरी येऊन टाइप करायचं. अशी ३१ कथनं तिने लिहिली. त्यातली १२ स्मरणिकेत छापली गेली. बाकीची पुढे पुस्तक करू म्हणून डिस्कवर राहिली. २००९ साली ती गेली.

माझा भाचा हार्डवेअरमधला. त्याला जुन्या मशीनचं वेड आहे, घरी एक सन स्पार्कस्टेशन चालू स्थितीत बाळगून आहे. २०१६ साली तो म्हणाला, "मामा, मामीच्या मशीनची डिस्क काढू या. आधी पूर्ण कॉपी घेतो, मग तिच्या जागी कार्ड बसवतो. डिस्क एकवीस वर्षांची झाली."

मी म्हटलं, "नको रे. तिच्या हाताखालची डिस्क आहे. ती फिरायला लागल्याचा आवाज आला की घरात कुणीतरी काम करतंय असं वाटतं. राहू दे जशीच्या तशी."

तो बिचारा गप्प बसला. वर्षातून एकदा मी मशीन सुरू करायचो, पडदा बघायचो, बंद करायचो. कोविडमध्ये दीड वर्ष तेही झालं नाही. २०२१ च्या दिवाळीत बटण दाबलं तर टक्-टक्-टक् असा आवाज, आणि मग काहीच नाही. डिस्क दुरुस्तीवाल्यांकडे पाठवली. हेड घासून तबकडीवर चरे पडले होते. काही मिळालं नाही.

भाच्याने मग त्याच ४८६ मध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलं, फ्लॉप्यांवरून सगळं पुन्हा घातलं, लॉक लावलं, आणि कपाटात सापडलेल्या फ्लॉप्या एकेक करून वाचल्या. सात कथनं परत आली. १२ कायमची गेली. त्यात माझ्या आत्याचं होतं. ती १९३८ साली साताऱ्याहून सून म्हणून इथे आली. ती काय म्हणाली त्याचा गोषवारा मला आठवतो, पण तिचे शब्द आठवत नाहीत. पत्नीने तिचे शब्द जसेच्या तसे टिपले होते.

आता माझं मत सांगतो. हार्डडिस्क हा झिजणारा भाग आहे. तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि हेड तिच्यापासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगतं. वापरली तर बेअरिंग झिजतं, न वापरता ठेवली तर हेड तबकडीला चिकटून बसू शकतं. ती एक दिवस थांबणार हे नक्की. खतावणीची बांधणी सुटायला लागली की आम्ही काय करत होतो? नवी खतावणी उघडायची, प्रत्येक खात्याची शिल्लक पुढे न्यायची, बेरीज ताळ्याला आली की सही करायची आणि जुनी रेकॉर्ड रूममध्ये ठेवायची. जुनी खतावणी कुणी फेकत नव्हतं, आणि तिच्यावर प्रेम आहे म्हणून फाटक्या पानांवर नोंदी करत राहणाराही कुणी नव्हता.

काही हौशी लोक म्हणतात, मूळ भाग बदलला की मशीन अस्सल राहत नाही. संग्रहालयात काचेआड ठेवायचं असेल तर ते ठीक. पण मला पत्नीचं लिखाण तिने बघितलं तसं पडद्यावर बघायचं असेल, तर मशीन चालणं महत्त्वाचं. काढलेली डिस्क नाव-तारीख लिहून डब्यात ठेवा, झालं.

मुलं म्हणतात, "फाइली तेवढ्या काढून घ्या, डबा कशाला हवा?" कॉपी काढायलाच हवी, पण डबाही हवा. त्या काळची आपली मराठी युनिकोडमध्ये नव्हती. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत, त्यामुळे तीच फाइल आजच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती खिचडी दिसते. ती बदलून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण रफार आणि जोडाक्षरांत चुका राहतात. त्या चुका ताडून बघायला मूळ पडदा लागतो. गायकवाडी दफ्तरातल्या मोडी कागदांचं आपण बघतोच. कागद शाबूत आहेत, पण वाचणारे किती उरलेत?

काम अवघड नाही, पण क्रम चुकवू नका. डिस्क अजून फिरते की नाही हे बघायला मशीन पुन्हापुन्हा सुरू करू नका. जाणकाराकडून डिस्क काढून घ्या आणि अडॅप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. काही यूएसबी अडॅप्टर फार जुन्या डिस्क ओळखत नाहीत, हे आधी विचारून घ्या. मग फाइली न निवडता संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यायची. डीडी-रेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम आधी चांगला भाग उचलतो आणि खराब जागांकडे नंतर वळतो, म्हणून मरणाऱ्या डिस्कवर ताण कमी पडतो. त्या प्रतिमेच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवा, आणि प्रत्येकीचा चेकसम जुळतो का ते बघा. तो आपला ताळा. तो जुळल्याशिवाय काम झालं असं म्हणू नका.

कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड जुन्या आयडीई डिस्कसारखंच बोलतं, त्यामुळे साधी, स्वस्त अडॅप्टर पट्टी पुरते. मात्र मोठं कार्ड घेण्याच्या मोहात पडू नका. त्या काळातल्या अनेक मशीनना सुमारे ५२८ मेगाबाइटच्या पुढे दिसतच नाही. ५१२ मेगाबाइटचं कार्ड आमच्याकडे बरोबर बसलं. जुनी डिस्क जशीच्या तशी कार्डावर उतरवणार असाल, तर तिचे सिलिंडर, हेड, सेक्टरचे आकडे टिपून सेटअपमध्ये तेच भरा. आणि झाकण उघडलंच आहे तर मदरबोर्डवरची बॅटरी बघा. गळली असेल तर ती बोर्ड खाते.

भाच्याच्या स्पार्कस्टेशनमध्ये स्कझी डिस्क होती. तिथे एसडी कार्ड घेणारा छोटा बोर्ड लागतो. त्याला जुन्या डिस्कचा आयडी द्यायचा, त्या मशीनमध्ये तो ३ असतो, आणि साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा. शिवाय त्याच्या घड्याळाच्या चिपमधली बॅटरी संपली की मशीन स्वतःची ओळखच विसरतं. म्हणजे मशीन कुठलंही असो, आधी जाणारे भाग ठरलेले आहेत.

कार्डही अमर नाही, हेही सांगतो. फ्लॅशमधला विद्युतभार वर्षानुवर्षं पडून राहिला की गळू शकतो. म्हणून प्रती काढणं आणि वर्षातून एकदा ताळा घेणं थांबवायचं नाही. बँकेत हे मी रोज करत होतो.

आता मशीन सुरू केलं की डिस्कचा आवाज येत नाही. पहिल्या दिवशी फार चुकल्यासारखं झालं. मग पडद्यावर तिची पहिली फाइल उघडली, रावपुऱ्यातल्या एका आजींची, आणि मी वाचत बसलो.

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल तर या दिवाळीची वाट बघू नका. ओळखीत जाणकार नसेल तर मला सांगा, भाच्याला विचारतो. तो अजूनही मामाला नाही म्हणत नाही.