दोन बोटांची विद्या



शाळेचा एक तास म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटे. त्यातील काही हजेरीत जातात, काही वर्ग शांत होण्यात. जे हाती उरते त्यातच शिक्षकाला शिकवायचे असते. आता वर्गात फळ्याच्या जोडीला संगणक आणि प्रोजेक्टर आले आहेत. ही साधने वेळ वाचविण्यासाठी आली खरी. परंतु पडद्यावरील बाण इकडून तिकडे फिरवीत हवी ती गोष्ट शोधण्यात पाच-सात मिनिटे सहज निघून जातात, असा अनुभव अनेक शिक्षक सांगतात. म्हणून आज कळफलकावरील काही जवळच्या वाटांविषयी, ज्यांना आपण सर्रास ‘शॉर्टकट’ म्हणतो त्यांविषयी, चार शब्द लिहीत आहे.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. ताई बडोद्याला एका शाळेत आठवीच्या वर्गाला शिकविते. मागच्या वर्षी एके दिवशी तिने तासाच्या आरंभी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. आदल्या रात्री ज्या गुणपत्रकावर ती काम करीत होती, ते तसेच उघडे राहिले होते. वायर जोडताच ते भिंतीवर अवतरले. चाळीस मुलांची नावे आणि प्रत्येकापुढे गुण! ताई गडबडली. घाईत बाण सापडेना; सापडला तेव्हा भलतीच खिडकी बंद झाली. ही धडपड दोन मिनिटे चालली असेल. तेवढ्यात एका मुलाचे गणितातील सात गुण साऱ्या वर्गाने मोठ्याने वाचले. तो मुलगा खाली मान घालून बसला आणि पुढले दोन दिवस शाळेत आला नाही.

सुट्टीत ती आमच्याकडे आली तेव्हा हे सांगून म्हणाली, “अरे, त्याची मी क्षमा मागितली. त्याच्या घरीही जाऊन आले. पण ती दोन मिनिटे काही मला परत घेता येत नाहीत. पडदा झटकन झाकता येईल असे काही नाही का रे?”

असे उपाय आहेत, आणि तेच प्रथम सांगतो.

ज्या कळेवर खिडकीचे चिन्ह असते ती विंडोजची कळ. ती दाबून ठेवून ‘डी’ दाबले की उघड्या असलेल्या साऱ्या खिडक्या खाली बसतात आणि रिकामा पडदा तेवढा उरतो. प्रोजेक्टर जोडण्यापूर्वी हे करण्याची सवय लावून घ्यावी. देवघरात जाण्यापूर्वी पाय धुवावेत, तशी. विंडोज आणि ‘एल’ या कळांनी संगणकाला कुलूप लागते आणि आपला संकेतशब्द दिल्यावाचून ते उघडत नाही. मधल्या सुट्टीत लॅपटॉप टेबलावर ठेवून बाहेर जावे लागते, त्या वेळी हे कुलूप अगत्याने लावावे. विंडोज आणि ‘पी’ दाबले की एक छोटी यादी पुढे येते. भिंतीवर आपल्या पडद्याची हुबेहूब नक्कल हवी, की भिंत हा एक वेगळा पडदा समजावा, की भिंतीवर काहीच दाखवू नये, हे तेथे निवडता येते. ‘एक्स्टेंड’ म्हणून जो पर्याय असतो तो शिक्षकांनी अवश्य करून पाहावा. त्यात आपण मुद्दाम सरकवू तेच भिंतीवर जाते. आपल्यासमोरचे आपल्यापाशीच राहते.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. पॉवरपॉइंटमध्ये चित्रपाठ तयार असेल, तर ‘एफ ५’ दाबताच तो पहिल्या चित्रापासून सुरू होतो. काल अर्धा राहिलेला पाठ जेथे थांबला त्या चित्रावर जाऊन शिफ्ट आणि ‘एफ ५’ दाबले, तर तेथूनच पुढे चालू होतो. काही लॅपटॉपांवर यासाठी ‘एफ एन’ ही कळही सोबत दाबावी लागते. पाठ चालू असताना एखाद्या मुलाने “बाई, ते मघाचे चित्र पुन्हा दाखवा ना,” असे म्हटले, तर मागे मागे जात बसू नये. ते बारावे चित्र असेल तर १२ हा आकडा आणि त्यामागोमाग एंटर दाबावे; चित्र पुढ्यात येते.

याच ठिकाणची सर्वांत मोलाची कळ म्हणजे ‘बी’. पाठ चालू असता नुसते ‘बी’ दाबले की भिंत काळी होते. पुन्हा दाबले की चित्र परत येते. उजळलेल्या भिंतीकडे मुलांचे डोळे ओढले जातात आणि शिक्षकाचे बोलणे मागे पडते. ज्या क्षणी आपल्याला मुलांचे डोळे आपल्याकडे हवे असतात, त्या क्षणी ही एक कळ पुरते. चांगला शिक्षक फळा पुसून वर्गाकडे तोंड करतो ना, तसेच हे.

शेवटच्या बाकावरील मुलाला अक्षरे दिसत नसतील, तर संकेतस्थळाच्या पानावर कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह दाबावे. अक्षर मोठे होते. कंट्रोल आणि शून्य दाबले की पूर्ववत होते. चुकून पान बंद झाल्यास बहुतेक ब्राउझरांत कंट्रोल, शिफ्ट आणि ‘टी’ यांनी ते परत उघडते.

घरी बसून प्रश्नपत्रिका तयार करताना चार कळा पुरेशा आहेत. कंट्रोलबरोबर ‘सी’ दाबल्यास निवडलेल्या मजकुराची नक्कल होते, ‘एक्स’ने तो कापला जातो, ‘व्ही’ने हव्या त्या जागी चिकटतो आणि ‘झेड’ने केलेली चूक मागे घेतली जाते. कळफलकाच्या सर्वांत खालच्या ओळीत डावीकडे झेड, एक्स, सी, व्ही अशा या चौघी शेजारी शेजारी बसल्या आहेत. कापणे आणि चिकटविणे ही कल्पना संगणकावर सुलभ करण्याचे श्रेय प्रामुख्याने लॅरी टेस्लर या अमेरिकन शास्त्रज्ञाला दिले जाते. १९७० नंतरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात त्यांनी टिम मॉट या सहकाऱ्याबरोबर हे काम केले. संगणक सामान्य माणसाला सोपा व्हावा, हा त्यांचा ध्यास होता. २०२० साली ते निवर्तले. परंतु आपली बोटे दिवसातून कितीदा तरी त्यांचेच काम चालवितात.

या चौघींच्या जोडीला कंट्रोल आणि ‘एस’ ही कळ ठेवावी. तिने लिहिलेले जपून ठेवले जाते. जेथे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, तेथे प्रत्येक प्रश्न लिहून झाला की ती दाबावी. गुणपत्रकात एखाद्या मुलाचे नाव शोधायचे असेल तर कंट्रोल आणि ‘एफ’. एक्सेलच्या तक्त्यात गुणांच्या ओळीच्या शेवटच्या रिकाम्या घरात जाऊन ऑल्ट आणि बरोबरीचे चिन्ह दाबले, की बेरजेचे सूत्र आपोआप मांडले जाते. सूत्राने नेमकी कोणती घरे घेतली आहेत ते पाहून मग एंटर दाबावे; बेरीज यंत्र करते, परंतु तिची जबाबदारी शिक्षकाचीच असते.

आपले वाचक अनेक राज्यांत विखुरलेले आहेत. कोणी इंदूरला, कोणी बेळगावला, कोणी हैदराबादला. त्यांच्यासाठी एक विशेष गोष्ट. संगणकावर दोन लिप्यांची सोय करून ठेवली असेल, तर विंडोज आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवरून मराठीवर क्षणात जाता येते. त्यात ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलक शिकून घ्यावा. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली त्याची रचना प्रमाणित केली आणि १९९१ साली भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘क’ साध्या कळेवर, तर ‘ख’ त्याच कळेवर शिफ्टसह, अशी ती आपल्या वर्णमालेला अनुसरून केलेली मांडणी आहे. तिचा मोठा गुण असा की देवनागरीत ज्या कळेवर ‘क’ आहे, त्याच कळेवर गुजराती, बंगाली आणि तेलुगू लिपींतही ‘क’ आहे. माझ्या ताईला गुजरातीत पालकांना सूचना लिहाव्या लागतात. तिच्या बोटांना नवे असे फारसे काही शिकावे लागले नाही.

दोन सावधगिरीच्या सूचना. ॲपलच्या संगणकावर कंट्रोलऐवजी बहुधा कमांड ही कळ वापरावी लागते. तसेच केरळातील सरकारी शाळांप्रमाणे जेथे लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली वापरात आहे, तेथे विंडोजच्या कळेचे धडे जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही; मात्र नक्कल करणे, चिकटविणे, जपून ठेवणे यांच्या कळा बहुतेक ठिकाणी त्याच असतात आणि लिबरऑफिसच्या चित्रपाठातही ‘एफ ५’ व ‘बी’ आपले काम चोख करतात.

हे सारे एका दिवसात पाठ करण्याचा हट्ट धरू नये. ताईने आठवड्याला तीनच कळा घेतल्या. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर त्या लिहून तो लॅपटॉपच्या पिशवीत ठेवला. कळ आठवली नाही तरी बाणाकडे धाव न घेता पुठ्ठा पाहावयाचा, एवढा एकच नियम. दीड-दोन महिन्यांत पुठ्ठ्याची गरज उरली नाही. ज्या घरांत आई किंवा वडील शिक्षक आहेत, तेथे मुलांनी संध्याकाळी दहा मिनिटे त्यांची ‘परीक्षा’ घ्यावी. परीक्षा घेण्याचा आनंद मुलांना एरवी कोठे मिळतो?

परवा ताईचा फोन आला. सात गुणांचा तो मुलगा यंदा नववीत गेला आहे आणि प्रोजेक्टर जोडण्याचे काम हौसेने करतो. इतर शिक्षकांनाही तो वायर जोडण्यापूर्वी आठवण देतो, “सर, आधी विंडोज आणि डी!” त्याला हे कोणी शिकविले, असे मी विचारले. ताई म्हणाली, “मीच. त्याच्यापासून लपविण्यासारखे त्यात काय होते?”