चौसष्ट दिवसांचें राज्य

मुष्टियुद्ध म्हटलें कीं आमच्यासारख्या संस्कृताच्या जुन्या मास्तरास प्रथम भागवतांतील मुष्टिकाची आठवण होते. कंसाच्या आखाड्यांत बलरामानें त्याला लोळविलें आणि कथा पुढें गेली. त्या मुष्टिकाचें घर कोठें होतें, त्याच्यामागें कोण राहिलें, हें पुराणकारांनीं सांगितलें नाहीं. आणि तीस-पस्तीस वर्षें तो भाग शिकवीत असतां आम्हांसही तें विचारावेंसें वाटलें नाहीं. हा प्रश्न आम्हांस पडला तो गेल्या महिन्यांत, आणि तोही एका इंग्रज मुष्टियोद्ध्यामुळें.

त्याचें असें झालें. आमच्या धाकट्या नातवाला कॉलेजांत गेल्यापासून मुष्टियुद्धाचा नाद लागला आहे. "मला तें शिकायला जायचें आहे," असें त्यानें पंक्तींत सांगितलें, तेव्हां सूनबाईंच्या हातांतली पळी जागच्या जागीं थांबली. निर्णय अर्थातच आमच्याकडे आला. आपली बाजू मांडावी म्हणून त्यानें रात्रीं मोबाइलवर एक जुनी चित्रफीत आम्हांस दाखविली व म्हटलें, "आजोबा, यांत जिंकणारा कोण, ओळखा बरें." दोघांपैकीं एक डौलदार, चपळ, तुळतुळीत केसांचा; दुसरा रुंद खांद्यांचा, वांकून, कांहींशा ओबडधोबड ढंगानें पुढें घुसणारा. आम्हीं पहिल्याकडे बोट दाखविलें. "चुकलांत!" म्हणून पोर हंसलें. "पण त्या दिवशीं सगळें जगच चुकलें होतें."

तो दिवस १० जुलै १९५१ चा, स्थळ लंडनमधील अर्ल्स कोर्ट, आणि झुंज मध्यम वजनाच्या जगज्जेतेपदाची. मध्यम वजन म्हणजे १६० पौंडांपर्यंतचे, सुमारें साडेबहात्तर किलोंचे गडी. तीन-तीन मिनिटांच्या १५ फेऱ्या, मध्यें एकेका मिनिटाची विश्रांति. कोणी आडवा न झाल्यास निकाल गुणांवर, आणि विलायतेंत तो निकाल एकटा पंचच देई.

तो डौलदार गडी अमेरिकेचा शुगर रे रॉबिन्सन. धंदेवाईक मुष्टियुद्धांत तोंपर्यंत तो एकदांच, १९४३ सालीं, हरला होता. १९५१ च्या फेब्रुवारींत जेक लामोटा यास चीत करून त्यानें हें पद मिळविलें होतें. मग स्वारी युरोपच्या दौऱ्यावर निघाली. पॅरिस, झुरिक, अँटवर्प, लीएज, बर्लिन, तुरीन अशा सहा झुंजी सहा आठवड्यांत उरकून तो लंडनास आला. बरोबर लवाजमा, खासगी न्हावी आणि गुलाबी रंगाची कॅडिलॅक मोटार! ज्यास विजय ही सवय झाली आहे, त्यानें तयारी ती कसली करावी?

दुसरा गडी रँडॉल्फ टर्पिन, वय २३. याच्या घरची हकीकत आमच्या वाचकांनीं नीट ऐकावी. बाप ब्रिटिश गियानांतून आलेला कृष्णवर्णी मनुष्य. पहिल्या महायुद्धांत विषारी वायूनें त्याची छाती निकामी झाली आणि रँडॉल्फ वर्षाचा व्हावयाच्या आंतच तो वारला. आई गोरी इंग्रज बाई. पदरीं पांच मुलें. लोकांच्या घरचीं कामें करून तिनें लेमिंग्टन गांवीं तीं वाढविलीं. रँडॉल्फला लहानपणापासून ऐकूं कमी येई. पुढें तो नौदलांत आचाऱ्याचा मदतनीस झाला.

त्या काळीं विलायतेंत असा नियम होता कीं, ज्याचे आईबाप दोघेही गोरे नाहींत, त्यानें ब्रिटिश अजिंक्यपदासाठीं झुंजूंच नये. याच अर्ल्स कोर्टांत १९११ सालीं कृष्णवर्णी जगज्जेता जॅक जॉन्सन याची झुंज ठरली असतां गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनीं ती होऊं दिली नव्हती. पुढें दुसरें महायुद्ध संपल्यावर हा नियम सुटला, आणि जून १९४८ मध्यें बर्मिंगहॅम येथें रँडॉल्फच्या थोरल्या भावानें, डिकनें, ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें. थोरल्यानें दार उघडलें. त्या दारांतून धाकटा जगज्जेतेपदापर्यंत गेला.

झुंज पूर्ण १५ फेऱ्या चालली. टर्पिन डाव्या हाताचे लांब ठोसे मारी, आणि जवळ येतांच अंगबळानें प्रतिस्पर्ध्यास जखडून टाकी. रॉबिन्सनला त्याची लय सांपडेना. मध्येंच डोक्यास डोकें लागून रॉबिन्सनचा डावा डोळा फुटला व रक्त वाहूं लागलें. शेवटीं पंचानें टर्पिनचा हात वर केला, तेव्हां अठरा हजार प्रेक्षक उभे राहून गाऊं लागले. गांवीं परततांच नगराध्यक्षांसह मिरवणूक निघाली. ज्याच्या भावास कांहीं वर्षांपूर्वीं ब्रिटिश अजिंक्यपदासाठीं झुंजण्याचीही मुभा नव्हती, तो आतां साऱ्या इंग्लंडचा लाडका झाला.

परंतु करारांत एक कलम होतें: ९० दिवसांच्या आंत पुन्हां झुंज द्यावयाची. ती १२ सप्टेंबर रोजीं न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाली, प्रेक्षक ६१,३७०. या खेपेस रॉबिन्सन तयारीनिशीं आला होता. तरीही नऊ फेऱ्या सामना अटीतटीचा झाला. दहाव्या फेरींत त्याचा तोच डावा डोळा पुन्हां फुटला. आतां झुंज थांबवितील या धास्तीनें तो चवताळून तुटून पडला. टर्पिन एकदां पडला, उठला, दोरांशीं रेलला, आणि त्याच्यावर ठोशांचा पाऊस सुरू झाला. फेरी संपण्यास ८ सेकंद उरले असतां पंच रूबी गोल्डस्टीन यानें मध्यें पडून झुंज थांबविली. ८ सेकंद थांबला असता तर काय बिघडलें असतें, असें पुष्कळांनीं म्हटलें. पण त्याच न्यूयॉर्कांत दोन आठवड्यांपूर्वीं जॉर्जी फ्लोरेस नांवाचा तरुण ठोसे खाऊन कोसळला होता, व पांच दिवसांनीं वारला होता. आम्हांस तर त्या पंचाचे ते ८ सेकंद साऱ्या झुंजींत अधिक मोलाचे वाटतात. टर्पिनचें राज्य ६४ दिवसांत संपलें, प्राण वांचले.

पुढची गोष्ट थोडक्यांत सांगतों, कारण ती सांगतांना बरें वाटत नाहीं. १९५३ सालीं बोबो ओल्सनशीं त्याच पदासाठीं तो पुन्हां झुंजला व हरला. १९५८ सालीं त्यानें हा धंदा सोडला. मिळालेला पैसा मित्रांत आणि नसत्या उद्योगांत गेला होता. करखात्याची थकबाकी मात्र हजारों पौंडांची उभी राहिली. तो भंगाराच्या वखारींत राबला, पैशांसाठीं कुस्त्यांचे खेळ केले, १९६२ सालीं दिवाळखोर ठरला. शेवटीं लेमिंग्टनास बायकोच्या उपाहारगृहाच्या माडीवर १७ मे १९६६ रोजीं गोळी लागून तो मेला. वय अवघें ३७. चौकशींत ती आत्महत्या ठरली. २००१ सालीं वॉरिक शहरच्या बाजारचौकांत त्याचा पुतळा उभारला गेला.

कोणी म्हणेल, हरणाऱ्याची अशीच गत. तसें नव्हे. रॉबिन्सननें हेंच पद पांच वेळां मिळविलें. पण लक्षावधि डॉलर त्याच्याही हातांत राहिले नाहींत. तेव्हां दोष जयापजयाचा नाहीं. दोघांच्याही भोवतीं माणसें पुष्कळ होतीं. ठोसा कसा मारावा, कसा चुकवावा, हें सांगणारे होते. ढाल हातीं आली कीं खांद्यावर घेणारे होते. पण "बाळ, हा कागद वाचल्याशिवाय सही करूं नकोस, आणि हा खेळ संपेल त्या दिवसाचें आजच बोलूं या," असें खडसावून म्हणणारें व त्याला ऐकावयास लावणारें वडील माणूस लाभलेलें दिसत नाहीं.

आणि येथें आम्हांस आमचीच एक गोष्ट आठवते. आमच्या शाळेंत एक कुस्तीगीर विद्यार्थी होता. त्यानें जिल्ह्याची ढाल आणली, तेव्हां आम्हीं भरसभेंत संस्कृत सुभाषितें म्हणून त्याची पाठ थोपटली. पुढें तो मॅट्रिकला दोनदां नापास झाला, गुडघा दुखावून आखाडाही सुटला, आणि एके दिवशीं नोकरीसाठीं शिफारसपत्र मागावयास आला. "वर्तणूक समाधानकारक" अशा दोन ओळी लिहून आम्हीं तें त्याच्या हातीं दिलें. बसही म्हटलें नाहीं. ढाल अजून मुख्याध्यापकांच्या खोलींत आहे. तो मुलगा कोठें आहे, हें आम्हांस ठाऊक नाहीं.

आपल्या घरांतून अशा मुलांस दोनच गोष्टी ऐकूं येतात. आरंभीं "यानें का पोट भरणार आहे?" आणि जिंकल्यावर "आमचाच हो हा!" या दोहोंच्या मधलीं जीं वर्षें, त्यांत तो एकटाच असतो. एकत्र कुटुंबाचा अभिमान आपण वाहतों. तर वडिलांचें काम या मधल्या वर्षांतच आहे.

नातवास आम्हीं अद्याप होय म्हटलेलें नाहीं, नाहींही म्हटलेलें नाहीं. डोक्यावरच्या माराची सूनबाईंची भीति खोटी नाहीं. फ्लोरेसची हकीकत सांगून आम्हींच ती दुणावली आहे. म्हणून येत्या रविवारीं त्याच्या शिक्षकांस चहास बोलाविलें आहे. शिरस्त्राण घालतात काय, डॉक्टर हजर असतो काय, हें सूनबाई विचारणार आहेत. आम्ही एकच विचारणार आहों: "तुमच्याकडचा खेळ सोडून गेलेलीं मुलें हल्लीं काय करतात, हें तुम्हांस ठाऊक असतें काय?" त्यांच्या उत्तरावर आमचें उत्तर अवलंबून आहे.